ताईंच्या सलाईनमध्येही झाडच आहे

प्रश्न : माझी मोठी बहीण ४६ वर्षांची आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी तिचं ऑपरेशन झालं आणि आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलची केमो चालू आहे. बारापैकी आठ डोस झाले. बोटांना सतत मुंग्या येतात, कपड्यांची बटणंसुद्धा लावता येत नाहीत. ती म्हणते, गाठ तर काढली, आता पुरे. एका नातेवाइकांनी तिला कॅप्सूल आणून दिल्या आहेत. त्यात कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक), काळ्या मिरीचा अर्क, लक्ष्मणफळाच्या पानांची पूड आणि ग्रीन टीचा अर्क आहे. सोबत एक लेख दिला. त्यात लिहिलंय की वनस्पतींतले हे घटक कॅन्सरच्या पेशींना आत्महत्या करायला लावतात आणि निरोगी पेशींना हातही लावत नाहीत. मी स्वतः शोधलं, तर खरोखरच ढीगभर शोधनिबंध सापडले. मग डॉक्टर हेच का देत नाहीत? उरलेले चार डोस सोडून ताईने हे घेतलं तर? निदान केमोबरोबर घेतलं तर काय बिघडेल? डॉक्टरांना सांगायचं नाही असं ती म्हणते, कारण ते रागावतील अशी तिला भीती आहे. – धाकटी बहीण

उत्तर : आधी थेट उत्तरं देते, कारण तुमच्या हातात वेळ थोडा आहे. केमो सोडून कॅप्सूल घेऊ नयेत. केमोबरोबर, डॉक्टरांपासून लपवून तर मुळीच घेऊ नयेत. सुरू केल्या असतील तर आज थांबवा. आणि बटणं लावता येत नाहीत ही गोष्ट पुढच्या डोसची वाट न बघता उद्या सकाळीच डॉक्टरांना कळवा. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि ती तुम्ही ओघात लिहून गेलात.

कारणं जरा सविस्तर लिहिते. तुम्ही स्वतः शोधनिबंध उघडून बघितलेत. तुम्हाला ‘डॉक्टर सांगतील तसं करा’ एवढ्यावर वाटेला लावणं मला बरं वाटणार नाही.

तुमच्या ताईंच्या शिरेतून दर आठवड्याला जे औषध जातं, ते झाडातूनच आलेलं आहे. १९६२ साली आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था त्या काळात वनस्पतींचे अर्क एकामागून एक तपासत होती. १९६० ते १९८२ या वर्षांत असे सुमारे १,१४,००० अर्क तपासले गेले. यूच्या सालीतला नेमका रेणू वेगळा काढून त्याची रचना मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तो पेशीत जाऊन काय करतो, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली १९९२ मध्ये, तीही आधी अंडाशयाच्या कर्करोगासाठी. साल गोळा केल्यापासून मान्यतेपर्यंत तीस वर्षं गेली.

त्या तीस वर्षांत काय चाललं होतं? हा रेणू पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे तो रक्तात सोडायचा कसा, इथूनच अडचण होती. शेवटी एरंडेल तेलापासून तयार केलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये तो विरघळवला. त्या द्रावकाने काही रुग्णांना जीवघेणी अ‍ॅलर्जी आली. ताईंना सलाईन सुरू होण्याआधी स्टेरॉईड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देतात ना, ती त्यासाठी. मग झाडांचा प्रश्न. साल सोलली की हे हळू वाढणारं झाड मरतं, आणि एका रुग्णाला पुरेल एवढ्या औषधासाठी एक झाड पुरत नाही. पुढे युरोपातल्या यूच्या पानांमधून रचनेने जवळचा असा रेणू काढून त्यापासून औषध बनवता येऊ लागलं. पानं तोडली तरी झाड जगतं, त्यामुळे तो प्रश्न सुटला. याच्या जोडीला किती द्यायचं, किती दिवसांनी द्यायचं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती खाली गेल्या की थांबायचं, हे सगळं माणसांवर, एकेक पायरी चढत शोधावं लागलं.

सदाफुलीचंही तसंच. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर तिच्या पानांत मधुमेहावरचं औषध शोधत होते. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झालेल्या दिसल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं. त्याच झुडपातल्या व्हिनक्रिस्टिनने पुढे लहान मुलांच्या ल्युकेमियाचं चित्र बदलायला मोठा हातभार लावला. ही औषधं पानांत इतकी कमी असतात की एक ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. आणि देताना? मोठ्या माणसालाही एका वेळी व्हिनक्रिस्टिन सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण त्यापुढे नसा निकामी व्हायला लागतात. सदाफुलीचा काढा पिऊन नेमकं तेवढंच पोटात जाईल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

तेव्हा ‘डॉक्टर वनस्पतींचं का देत नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर असं, की देतात. तुमच्या ताईंना आठ वेळा दिलं आहे.

आता त्या लेखाकडे येते. त्यातला गाभ्याचा मुद्दा खरा आहे आणि तो मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. मी बरीच वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. कॅन्सरच्या पेशी ३७ अंश तापमानात, गुलाबी द्रवाखाली, प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. चांगल्या वाढल्या की एकमेकींना खेटून, फरशा बसवल्यासारख्या दिसतात. त्यात औषध घातलं की काही तासांनी एखादी पेशी तळ सोडते, आक्रसते, गोल होते. मग तिच्या कडेने बुडबुडे फुटायला लागतात, आधणासारखे. आतलं केंद्रक गोळा होऊन त्याचे तुकडे पडतात. शेवटी अख्ख्या पेशीच्या बारक्या बारक्या पुड्या बांधल्या जातात. प्रत्येक पुडी पापुद्र्यात नीट गुंडाळलेली, आतलं काही सांडत नाही. शरीरात असं झालं तर शेजारच्या भक्षक पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. मरणाऱ्या पेशीने आतल्या बाजूचा एक स्निग्ध रेणू बाहेर काढून ‘मला उचला’ अशी खूण केलेली असते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दुपारचं जेवण विसरले होते.

यालाच अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. हे नाव १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी रूढ केलं. मूळ ग्रीक शब्द झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळण्याचा आहे. आपल्याकडे त्यासाठी पानगळ हा किती नेमका शब्द आहे! आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी अशा गळतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया नावाची जी ऊर्जाघरं असतात, त्यांच्यातून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर झिरपलं की कॅस्पेज नावाच्या कात्र्या चालू होतात आणि पेशी आतून कापली जाते. कॅन्सरच्या पेशी हे गळणं टाळायला शिकलेल्या असतात. कुणी धोक्याची घंटा वाजवणारं पी५३ हे जनुक बिघडवून ठेवलेलं असतं. निम्म्याच्या आसपास कर्करोगांत ते बिघडलेलं सापडतं. कुणी ऊर्जाघरांची दारं बंद ठेवणारी बीसीएल-२ सारखी प्रथिनं वारेमाप बनवलेली असतात. त्यांना पुन्हा गळायला लावणं, हे केमोच्या बऱ्याच औषधांचं काम. पॅक्लिटॅक्सेल पेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्या घट्ट गोठवून टाकतं. दोन भाग होण्यासाठी त्या नळ्या जुळाव्या आणि सुटाव्या लागतात. त्या सुटल्या नाहीत की पेशी अर्ध्यावर अडकते, आणि अडकलेली पेशी मरणाच्या वाटेला लागते.

मग कर्क्युमिन? तेही प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हे करतं. कॅस्पेज चालू होतात, पुड्या पडतात, सगळं. अडचण पुढे आहे. बशीतल्या पेशी मारणं फार सोपं असतं. मीठ जास्त झालं तर मरतात, साबणाच्या पाण्याने मरतात, द्रव बदलायला दोन दिवस उशीर झाला तरी मरतात. त्यामुळे ‘अमुक अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या’ हे वाक्य वाचलं की मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधते : किती मात्रेला?

तुम्हीही ते निबंध पुन्हा उघडा आणि तेवढंच बघा. कर्क्युमिनसाठी तिथे बहुतेक वेळा १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात रेणू किती दाट आहे ते सांगणारं माप) असं काहीतरी दिसेल. आता माणसाने दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन गिळलं, म्हणजे नेहमीच्या कॅप्सूलचा ढीग, तरी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तात ते सरासरी २ मायक्रोमोलरलाही पोचलं नाही. बाकी अनेक चाचण्यांत याहून कितीतरी कमी. आतड्यात ते नीट शोषलं जात नाही, जे शोषलं जातं त्याचं यकृत लगेच रूप बदलतं, आणि तो रेणू तसाही फार काळ टिकत नाही. उलट पॅक्लिटॅक्सेल पेशींवर काही नॅनोमोलरलाच काम करतं, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजाराव्या हिश्शात, आणि शिरेतून दिल्यामुळे रक्तातली पातळी त्याच्या बरीच वर जाते. एकाला जेवढं लागतं त्याहून कितीतरी जास्त मिळतं. दुसऱ्याला लागतं त्याच्या कणभर मिळतं. तुमच्या नातेवाइकांच्या लेखात ‘कॅन्सरच्या पेशी मरतात’ हे आहे, पण ‘तेवढी मात्रा रक्तात पोचते का’ हे नाही, आणि सगळं त्यावरच अडलेलं आहे.

मी कर्क्युमिनची विरोधक नाही. २०१७ मध्ये औषधरसायनाच्या तज्ज्ञांनी तोवरचं काम तपासलं. शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही नीट आखलेल्या, रुग्णालाही आणि डॉक्टरलाही कोणती गोळी आहे हे ठाऊक नसलेल्या एकाही चाचणीत त्याचा ठोस उपयोग सिद्ध झाला नव्हता. त्यांनी आणखी एक लक्षात आणून दिलं : हा रेणू पिवळा आणि प्रकाशात चमकणारा असल्याने कित्येक प्रयोगांच्या मोजणीतच घोटाळा करतो. पुढे २०२० मध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या १५० महिलांवर पॅक्लिटॅक्सेलबरोबर कर्क्युमिन देऊन बघितलं गेलं आणि गाठी आकसण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण तिथे ते शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं होतं. त्यावरून तुमच्या घरातल्या बाटलीबद्दल काहीच ठरत नाही.

उलट मला काळजी वाटते ती दुसऱ्या एका अभ्यासाची. २००२ मध्ये स्तनकर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की कर्क्युमिनने केमोच्या काही औषधांमुळे होणारा पेशीमृत्यू रोखला. त्यात पॅक्लिटॅक्सेल नव्हतं आणि तोही प्रयोगशाळेतलाच निष्कर्ष, त्यामुळे मी त्याचाही बाऊ करणार नाही. पण त्या लेखावर विश्वास ठेवायचा तर याच्यावरही ठेवावा लागेल. दोन्ही एकाच प्रकारचे पुरावे आहेत.

‘बरोबर घेतलं तर काय बिघडेल’ हा तुमचा प्रश्न आहे, म्हणून कॅप्सूल उघडून बघू या. त्यात काळी मिरी का घातली आहे? मिरीतल्या पायपेरिनने कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढल्याचं १९९८ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. हे पायपेरिन काय करतं, तर आतड्यात आणि यकृतात बाहेरचे रेणू निकालात काढणारी जी यंत्रणा आहे, तिला मंद करतं. पॅक्लिटॅक्सेलचा निकाल लावणाऱ्या वितंचकांपैकी (एन्झाइमांपैकी) एक याच यंत्रणेतलं आहे. ते मंदावलं तर औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळू शकतं, आणि ताईंच्या बोटांच्या मुंग्या आधीच औषधाचा भार नसांवर पडतोय हे सांगत आहेत. जेवणात चिमूटभर हळद-मिरी असते तिला घाबरायचं कारण नाही. अर्काची कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे.

ग्रीन टीच्या अर्काने आणि हळदीच्या सप्लिमेंटने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृतातूनच होतो. यकृत बिघडलं तर केमो थांबवावी लागेल, आणि डॉक्टर बिचारे कारण शोधत बसतील. लक्ष्मणफळाच्या पानांत अ‍ॅनोनासिन नावाचा रेणू असतो. तो पेशींच्या ऊर्जाघरांचं कामच बंद पाडतो, म्हणून बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात. पण ऊर्जाघरं मेंदूच्या पेशींतही असतात. ग्वाडेलूप बेटावर या फळांचा आणि पानांच्या काढ्याचा नेहमी वापर करणाऱ्या लोकांत पार्किन्सनसारख्या एका आजाराचं प्रमाण जास्त असल्याचं १९९९ मध्ये संशोधकांनी नोंदवलं. ‘निरोगी पेशींना हात लावत नाही’ हे लेखातलं वाक्य कशावर आधारलेलं असतं माहीत आहे? बहुतेक वेळा शेजारच्या बशीतल्या एका प्रकारच्या निरोगी पेशींवर. माणसाच्या शरीरात दोनशेहून अधिक प्रकारच्या पेशी असतात.

वनस्पती आणि औषधांची गाठ पडली की काय होतं, याचं एक उदाहरण मला कायम आठवतं. चीनमधल्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन मिळालं, त्यात बदल करून आयरिनोटेकन हे कर्करोगाचं औषध झालं. मन उदास असताना लोक सेंट जॉन्स वर्ट नावाच्या झुडपाच्या गोळ्या घेतात, अगदी निरुपद्रवी समजून. २००२ मध्ये असं आढळलं, की त्या गोळ्या बरोबर घेतल्या तर रक्तात आयरिनोटेकनच्या, प्रत्यक्ष काम करणाऱ्या रूपाची पातळी ४२ टक्क्यांनी घटते. रुग्णाला काहीच जाणवत नाही. तो केमोचा सगळा त्रास सोसून घरी येतो आणि औषध मात्र निम्म्याच्या आसपासच पोचलेलं असतं. हे कुणाला कळणार होतं, रुग्णाने सांगितलं नसतं तर?

‘गाठ तर काढली’ असं ताई म्हणतात. सर्जनने काढली ती दिसणारी गाठ. त्याआधीच रक्तातून निसटून कुठेतरी बसलेल्या, कुठल्याही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी असू शकतात. ही केमो त्यांच्यासाठी आहे. पॅक्लिटॅक्सेल विभागत असलेल्या पेशीलाच अडकवतं आणि सगळ्या पेशी एकाच आठवड्यात विभागायला निघत नाहीत. म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. त्यात नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण होते. त्यांच्या मृत्यूचा धोका, नेहमीचे उपचार घेणाऱ्या तशाच रुग्णांच्या तुलनेत अडीचपट निघाला आणि स्तनकर्करोगात पाचपटीहून जास्त. ताईंची परिस्थिती तशी नाही, त्यांनी ऑपरेशन केलंय, आठ डोस घेतलेत. हा आकडा त्यांच्या तोंडावर फेकू नका. तुम्हाला सांगितला, कारण तुम्ही विचारलंत.

आता बटणांचं. हाताची बोटं आणि पावलं बधिर का होतात? पेशी विभागताना ज्या सूक्ष्म नळ्या लागतात, त्याच नळ्या मज्जातंतूंमध्ये रुळांसारख्या पसरलेल्या असतात आणि त्यांवरून पेशीचा माल टोकापर्यंत वाहून नेला जातो. औषध ते रूळही गोठवतं. सगळ्यात लांब तंतू पायाच्या आणि हाताच्या टोकांना जातात, म्हणून मुंग्या तिथूनच सुरू होतात. कुठल्याही कर्करोगतज्ज्ञाला हा त्रास नवीन नाही आणि तो किती आहे यावर निर्णय बदलतात. मुंग्या येणं वेगळं आणि बटण लावता न येणं वेगळं. दुसऱ्याचा अर्थ रोजचं काम अडलंय. डॉक्टर डोस कमी करू शकतात, एखादा आठवडा थांबू शकतात, औषध बदलू शकतात, प्रसंगी उरलेल्या चारपैकी काही डोस वगळायचेही ठरवू शकतात. औषध थांबल्यावर बऱ्याच जणींचा त्रास हळूहळू, काही महिन्यांत उतरतो. पण तो वाढत गेला तर काहींच्या बाबतीत कायमचाही राहतो. म्हणून हे लपवून सोसायचं नाही. ताईंना बहुधा असं वाटत असेल, की त्रास सांगितला तर ‘सहन करा’ असं ऐकावं लागेल, मग त्यापेक्षा आपणच थांबलेलं बरं. तसं नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, आणि ते त्या तुमच्याकडून ऐकतील.

डॉक्टरांकडे जाताना कॅप्सूलची बाटली पिशवीत घालून न्या, लेबलसकट. पहिलं वाक्य तुम्ही बोला, ताईंवर टाकू नका. एवढं म्हणा : ‘डॉक्टर, ताईला या कॅप्सूल कुणीतरी दिल्या आहेत. तिने इतक्या दिवसांत इतक्या घेतल्या. आणि तिला आठवडाभर बटणं लावता आली नाहीत.’ डॉक्टर कपाळाला आठ्या घालतील, घालू द्या. तुम्ही पुढचं विचारा : यकृताची तपासणी पुन्हा करायची का, डोसमध्ये काही बदल करता येईल का, चालताना पाय अडखळत असतील तर त्यासाठी काय करायचं. अडखळत नसतील तर तेही सांगा, डॉक्टरांना त्याचाही उपयोग होतो. दरम्यान ताप ३८ अंशांवर गेला, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर भेटीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, त्याच वेळी फोन करायचा, रात्र असली तरी.

नातेवाइकांशी भांडू नका. त्यांनी काळजीपोटीच आणून दिलंय. त्यांना सांगा, की डॉक्टरांनी केमो संपेपर्यंत थांबायला सांगितलं आहे. आणि तोवर सकाळी ताईंची बटणं तुम्ही लावून द्या. घाईत आपणच हात पुढे करून नको. आधी त्यांना विचारा, लावू का म्हणून.